झऱ्याचं तोंड आणि झऱ्याचं पोट

पुणे-सातारा रस्त्यावरून चेलाडी फाट्याला आत वळलं की नसरापूर, मग मार्गासनी. तिथे राजगडाचा फाटा सोडून सरळ निघालं की विंझर, आणि पुढे वेल्हे. तोरण्याला जाणारे याच वाटेने जातात. या भागात रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या अंगाला, कुठे कातळाच्या फटीतून तर कुठे कोणीतरी खोचलेल्या नळीतून पाणी पडत असतं. वाडीवरच्या बाया हंडा-कळशी घेऊन येतात, गुराखी ओंजळ लावतो, आणि पुण्याहून आलेला माणूस गाडीची डिकी उघडून वीस-वीस लिटरचे रिकामे जार बाहेर काढतो. त्याच्या घरी आरओ आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात सीलबंद बाटली मिळते. तरी हे पाणी तो पन्नासेक किलोमीटर वाहून नेतो.

का नेतो असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: हे जिवंत पाणी आहे. याला चव आहे, यात डाळ लवकर शिजते, चहाला रंग येतो. हे सगळं कौतुकाचं बोलणं म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खडकात फार काळ मुरलेलं नसतं, त्यामुळे त्यात विरघळलेले क्षार बेताचे असतात. सपाटीवरच्या खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जड होतं. जड पाण्यात डाळ दाठरते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. उलट आरओचं यंत्र क्षार इतके काढून टाकतं की पाणी सपक लागतं. झऱ्याचं पाणी या दोन्हींच्या मधलं, म्हणून ते जिभेला बरं वाटतं.

यात एक गंमत आहे. पुण्याच्या बऱ्याच भागाच्या नळाला येणारं पाणी खडकवासल्यातून येतं, आणि खडकवासल्याला वरून पाणी पुरवणारं पानशेत याच वेल्हे तालुक्यात आहे. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. म्हणजे विंझरला येऊन कॅन भरणारा पुणेकर या तालुक्याचं पाणी घरबसल्या पीतच असतो. तेच डोंगर, तोच पाऊस. तरी नळाच्या पाण्याला तो धरणाचं पाणी म्हणतो आणि या पाण्याला देवाचं. फरक एवढाच की इथे पाणी कुठून बाहेर पडतं हे त्याला डोळ्यांनी दिसतं.

दिसतं ते तोंड. माझं सगळं म्हणणं या तोंडापाशी सुरू होतं. झरा म्हटलं की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. तिथे फरशी बसवतो, नळी खोचतो, नारळ फोडतो, फोटो काढतो. झऱ्याचं पोट मात्र तिथे नसतं. ते वर, उतारावर, कधी दोन-चार शेतं ओलांडून तर कधी डोंगराच्या पार दुसऱ्या अंगाला असतं, आणि तिथे कोणी नारळ घेऊन जात नाही.

पोट म्हणजे काय, ते खडकाकडे बघितल्याशिवाय कळायचं नाही. सह्याद्रीचा हा पट्टा लाव्ह्याच्या थरांचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. टोपल्यात भाकऱ्यांची चवड रचावी तसे थरावर थर बसले. तोरण्याचा किंवा राजगडाचा कडा लांबून पाहिला तर या आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. पण सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळे, वाजणारे; त्यांच्यातून पाणी जातं ते फक्त उभ्या भेगांमधून. काही थरांत लाव्ह्यातली हवा अडकून बुडबुड्यांची भोकं राहिलेली, त्यामुळे ते सच्छिद्र आणि ठिसूळ. आणि अधूनमधून दोन थरांच्या मध्ये तांबड्या, चिकण मातीसारख्या पट्ट्या. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजली गेली. ही तांबडी पट्टी पाण्याला सहसा खाली जाऊ देत नाही.

आता पाऊस पडतो. घाटमाथ्यालगतच्या या खोऱ्यांत तो भरपूर पडतो. बहुतेक पाणी ओढ्या-नाल्यांनी कानंदी-गुंजवणीकडे पळून जातं. थोडं माळरानावर, भातखाचरांत, झाडीखाली मुरतं, भेगांतून खाली उतरतं, सच्छिद्र थरात साठतं आणि तांबडी पट्टी किंवा घट्ट खडक लागला की अडतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं सरकू लागतं. सरकता सरकता जिथे डोंगराचा उतार त्या थराला कापतो, तिथे ते उघड्यावर येतं. तो झरा. म्हणूनच एकाच डोंगरावर बरेच झरे साधारण एकाच उंचीवर रांगेने सापडतात, आणि त्याच उंचीवर जुन्या वाड्याही सापडतात. वस्ती करणाऱ्याने भूगर्भशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण घर कुठल्या ओळीवर बांधायचं हे त्याला पाण्याने सांगितलं होतं.

आणि रस्त्याकडेचा झरा? तिथे बऱ्याचदा उताराने नव्हे, रस्त्याने थर कापलेला असतो. घाटरस्ता काढताना डोंगराची कड तासतात. त्या तासलेल्या भिंतीत सच्छिद्र थर आणि त्याखालची घट्ट पट्टी उघडी पडली की आजवर आतल्या आत सरकणारं पाणी भिंतीतून पाझरायला लागतं. आपण ज्याला निसर्गाचं दान म्हणतो त्याचं तोंड काही ठिकाणी बांधकाम खात्याने पाडलेलं असतं. हेच पाणी आधी कदाचित खालच्या एखाद्या वाडीच्या विहिरीला जात असेल. रस्ता रुंद करताना तीच भिंत आणखी चार हात आत गेली, ब्रेकर चालले, सुरुंग उडाले, की पाणी वाट बदलतं. मग गावात म्हणतात, झरा रुसला.

हे निरीक्षण नवं नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात पाण्याचा विचार फार बारकाईने केला आहे. गड बांधायच्या आधी पाणी बघावं, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, हे तर त्यात आहेच. पण गडावर झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, असंही बजावलं आहे. कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झरे कमी होतात. राजगड पंचवीसेक वर्षं राजधानी होता, आणि तिथे पद्मावती तळ्यापासून बालेकिल्ल्यावरच्या तळ्यापर्यंत पाण्याच्या साठवणीवर केवढी मेहनत घेतली आहे ते आजही चढून जाणाऱ्याला दिसतं. झऱ्यावर जीव असावा पण भिस्त असू नये, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना पक्कं माहीत होतं. तोफेच्या जागी आज पोकलेन आहे, एवढंच.

तोंडाची निगा राखण्यात मराठी मुलूख कमी पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. विंझरला येताना वाटेत लागणाऱ्या नसरापूरचं बनेश्वर घ्या. नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेल्या या देवळापुढे दगडी कुंडं आहेत, त्यांत झऱ्याचं पाणी येतं. महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुख आहे. गावोगावी अशी रीत होती: पहिलं कुंड पिण्याचं, त्यातून ओसंडलेलं धुण्याचं, त्याखालचं गुरांचं. पाणी एकदाच येतं पण तीनदा वापरलं जातं, आणि खालचं वर मिसळत नाही. आज अभियंते झऱ्याच्या तोंडाशी बांधतात ती बंद पेटी, वर झाकण, एका अंगाला नळ, दुसऱ्या अंगाला ओसंडणाऱ्या पाण्याची वाट, ही त्याच शहाणपणाची सिमेंटमधली आवृत्ती आहे. पाचगणीच्या ग्रामपरी संस्थेने आसपासच्या गावांमध्ये अशा पेट्या बांधायचं काम केलं आहे.

पेटी लागते, कारण तोंड ही झऱ्याची सगळ्यात घाण होणारी जागा. कातळातून येतं ते पाणी शुद्धच, ही समजूत अर्धीच खरी आहे. वाळूच्या थरातून पाणी गाळून निघतं. भेगांच्या खडकातून ते नुसतं वाट काढत येतं. उन्हाळ्यात सावकाश येणारं पाणी बरं असतं. जुलैमध्ये मात्र धार अचानक जाड झाली, पाण्याला किंचित गढूळ छटा आली, तर समजावं की वरच्या शेतातलं, गोठ्याजवळचं, उघड्यावरचं पाणी फारसं न मुरता खाली उतरलं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये अशी अट आहे. ते डोळ्याला दिसत नाही आणि जिभेला लागत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच आला होता, आणि ते पाणीही दिसायला स्वच्छच असणार. तेव्हा झऱ्याचं पाणी आवडीने न्यावं, पण पावसाळ्यात उकळून प्यावं. जिवंत पाणी उकळलं की मरतं, असं मला एकाने ऐकवलं होतं. आजारी पडण्यापेक्षा ते मेलेलं बरं.

इथवर तोंडाचं झालं. आता हिशेब.

झरा मोजायला यंत्र लागत नाही. बादली आणि घड्याळ पुरे. मिनिटाला एक लिटर म्हणजे बोटापेक्षाही बारीक धार. बघणारा म्हणेल, यात काय आहे. पण ती रात्रंदिवस चालते. दिवसाला 1440 लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशेबाने ती धार सव्वीस माणसांच्या वाडीला सगळ्या वापरासाठी पुरते. नुसतं पिण्या-स्वयंपाकाचं धरलं तर याच्या कितीतरी पट माणसांना. आता त्याच धारेखाली रविवारी पाच गाड्या लागल्या, प्रत्येकीत वीस लिटरचे पाच जार, तर झाले 500 लिटर. ते भरायला आठ तास वीस मिनिटं. एवढ्या वेळात हंडा घेऊन आलेली बाई काय करणार?

म्हणून वाडीतली माणसं कधीमधी शहरी गाड्यांवर चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये धार निम्म्याहून खाली येते. पावसाळ्यात छत्री टिकू न देणाऱ्या याच डोंगरांत उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकर लागतो. तेव्हा ज्याच्या घरी दुसरं पाणी आहे त्याने मागे सरावं, यात दुमत असू नये. पण माझा मुद्दा याच्या थोडा पुढचा आहे. कॅन भरणारा माणूस रांगेतल्या बाईचा वेळ खातो. झरा खात नाही. झऱ्याला त्याच्या देण्यापेक्षा जास्त मागताच येत नाही. तुम्ही शंभर जार आणा, तो मिनिटाला लिटरच देईल. रात्री कोणी नसलं तरी तेवढंच पाणी खाली ओढ्यात जाणार. झऱ्याची मर्यादा झऱ्यातच आहे, आणि ती रांग लावून सगळ्यांना शिकवली जाते.

बोअरला ही मर्यादा नाही. बोअर पाण्याच्या येण्याची वाट बघत नाही, ते असेल तिथून ओढतं. आता चित्र असं घ्या, की रस्त्याच्या वर दोन-तीनशे मीटरवर डोंगर सपाट करून प्लॉट पाडले आहेत. तिथे फार्महाऊस, लॉन, पोहण्याची टाकी आणि सहा इंची बोअर. बोअर त्या सच्छिद्र थरातून गेलं तर पंप लागला की झऱ्याचं पोट बाजूने रिकामं व्हायला लागतं. त्याहून वाईट एक गोष्ट घडू शकते: बोअर तांबड्या पट्टीला भोक पाडून आणखी खाली गेलं, तर वर अडलेलं पाणी पंप न लावताही त्या भोकातून खालच्या थरात गळून जाईल. खाली रस्त्यावर झऱ्याची धार बारीक होते. पुढच्या वर्षी फक्त पावसाळ्यात राहते. कोणी कॅन नेले म्हणून ती गेलेली नसते. आणि हे फार्महाऊस ज्याचं, तो रविवारी परतताना खाली गाडी थांबवून याच झऱ्यावर जार भरत असेल, हे अगदी शक्य आहे. बोअरचं पाणी जड लागतं ना.

कायदा इथे काय म्हणतो? 1882 च्या सुखाधिकार कायद्याने आणि त्यावर उभ्या राहिलेल्या समजुतीने असं ठरलं, की ठरावीक प्रवाहाने न वाहणारं जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने आपल्या हद्दीत हवं तसं उपसावं. पोट ज्याच्या सातबाऱ्यात, पाणी त्याचं. महाराष्ट्राने याला वेसण घालायचा प्रयत्न केला. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला बंदी केली. मग 2009 चा भूजल अधिनियम आला, तो 2014 मध्ये अंमलात आला. हेतू चांगला. पण 500 मीटरचं वर्तुळ तोंडाभोवती काढलेलं असतं, आणि पोट गोल नसतं. ते थराच्या कलाप्रमाणे एकाच अंगाला लांबवर पसरलेलं असतं. वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या भागात बोअर मारलं तर झऱ्याला काही होत नाही. वरच्या अंगाला 600 मीटरवर मारलं तर झरा जाऊ शकतो. शिवाय ज्या झऱ्याची कुठल्या योजनेत उद्भव म्हणून नोंदच नाही, तो या कायद्याच्या नजरेला पडत नाही. विहिरी आणि तळी सरकार मोजत आलं आहे. देशातल्या झऱ्यांची पहिली गणना आत्ता कुठे हाती घेतली आहे.

तोंडावर हक्क कोणाचा, हा लढा या मातीत झालेला आहे. सी. के. बोले यांनी 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. तो कागदावरच राहतोय हे पाहून डॉ. आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंसह पाणी प्राशन केलं. तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात दहा वर्षं चालला आणि 1937 मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. आज रस्त्याकडेच्या झऱ्यावर कोण कुठल्या आळीचा हे विचारल्याशिवाय जो कोणी ओंजळ लावतो, तो या निकालाच्या सावलीत उभा असतो. पाणवठा सगळ्यांचा, हे ठरलं. पाणवठ्याला पाणी पुरवणारा डोंगर कोणाचा, हा प्रश्न मात्र कोणी त्या ताकदीने विचारलेला नाही.

जुन्या माणसांनी त्याचं एक उत्तर वेगळ्या भाषेत देऊन ठेवलं होतं. सह्याद्रीत देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा शास्त्राच्या जगाला त्यांची नीट ओळख झाली. देवराईतली काडी न्यायची नाही, तिथे नांगर घालायचा नाही. आणि अनेक देवरायांच्या पायाशी पाणी असतं. पोटाला देवाच्या नावावर चढवून ठेवलं की ते विकता येत नाही, एवढी साधी व्यवस्था. देवराईने पाणी वाढतं असं मी म्हणत नाही. झाडंही पाणी पितात, आणि झाडं लावली की झरे फुटतात हे वनमहोत्सवी वाक्य खडक न बघता बोललेलं असतं. पण राखलेल्या रानात माती धुपत नाही, मुरायला वेळ मिळतो, आणि मुख्य म्हणजे तिथे बोअरचं मशीन चढत नाही.

पोट शोधता येतं आणि भरताही येतं, याचा पुरावा आहे. सिक्कीमने 2008 पासून धारा विकास नावाचं काम हाती घेतलं. झऱ्याच्या तोंडाशी काही न करता वरचा उतार शोधून तिथे समपातळीवर चर आणि खड्डे खणले. आटत चाललेले काही झरे पुन्हा उन्हाळ्यात वाहू लागले. या कामाला भूजलाचं शास्त्र पुरवणाऱ्यांत पुण्याची अ‍ॅक्वाडॅम ही 1998 मध्ये सुरू झालेली संस्था होती. नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालाने हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत असल्याचं सांगितल्यावर तिकडे हालचाल वाढली. सह्याद्रीतल्या झऱ्यांकडे कोणाचं फारसं लक्ष नाही, कारण इथे धरणं आहेत आणि धरण दिसतं.

विंझरच्या बाजूला पाणी भरायला जाणाऱ्यांना सांगायचं ते एवढं. हंडा घेऊन कोणी उभं असेल तर त्याला आधी भरू द्या. जार दोन न्या, दहा नको. पावसाळ्यात उकळा. कुठल्या महिन्यात बादली किती सेकंदांत भरली ते लिहून ठेवा आणि तो कागद ग्रामपंचायतीला द्या. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाताशी असल्या तर झरा का आटला यावर भांडता तरी येतं. आणि या डोंगरउतारावर प्लॉट घ्यायचा विचार असेल, तर बोअरवाल्याला फोन करण्याआधी खालच्या वाडीत जाऊन विचारा, की तुमचं पाणी कुठून येतं.